गुंठ्यांच्या रानात ट्रॅक्टरची पाळी

महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराच्या वहिवाटीत असलेली सरासरी जमीन, १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते आणि २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर येऊन ठेपले. ही उरलेली जमीनही क्वचितच एकसंध असते. तिचा एक तुकडा विहिरीलगत, दुसरा ओढ्याकाठी आणि तिसरा घरामागे असतो, आणि यांपैकी ज्या तुकड्याला पाणी पोहोचते तेथे टोमॅटो, मिरची, मेथी, आले, शेवंती यांसारखी पिके पाच-दहा गुंठ्यांच्या हिशेबाने घेतली जातात. जमिनीचे आणखी तुकडे पडू नयेत यासाठीच्या १९४७ च्या कायद्याखाली राज्य शासनाने २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जे किमान क्षेत्र ठरवून दिले, ते जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. बागायती मळ्याचे व्यवहारातले एकक किती लहान झाले आहे, याची ही एका अर्थाने सरकारी नोंदच होय.

एवढ्या लहान रानांसाठी वर्षभर बैलजोडी पोसणे बहुतेकांना जमत नाही आणि कुदळीने दहा गुंठे खणून काढण्यास मजूर मिळत नाहीत. त्यामुळे पूर्वमशागतीसाठी ट्रॅक्टर बोलावणे आता अपवाद राहिलेले नाही. मात्र ट्रॅक्टर आणि त्यामागचे कल्टिव्हेटर ही जोडी मोठ्या शेताच्या मापाने विकसित झालेली आहे, आणि तीच जोडी दहा गुंठ्यांत आणली की तिचे काम वेगळ्या नियमांनी चालू लागते. मोठ्या शेतात एंजिनाची ताकद निर्णायक ठरते; लहान रानात रानाचा आकार, वळायला ठेवलेली जागा, मातीतील ओल आणि चाकांची वाट या गोष्टी तिच्याहून अधिक महत्त्वाच्या ठरतात, आणि त्या सर्व ट्रॅक्टर बांधावर येण्यापूर्वीच ठरवाव्या लागतात.

कल्टिव्हेटर हे दुय्यम मशागतीचे अवजार आहे. नांगर माती खोलवर कापून पलटतो, त्याला प्राथमिक मशागत म्हणतात. कल्टिव्हेटर ती पलटत नाही, तर नांगरलेल्या किंवा आधीच भुसभुशीत असलेल्या मातीतून फण ओढत नेऊन ढेकळे फोडतो, तण उपटतो आणि वरच्या तीन-चार इंचांत शेणखत मिसळतो. लोखंडी चौकटीवर दोन ओळींत आलटून पालटून बसवलेले वक्र फण आणि प्रत्येक फणाच्या टोकाला बोल्टने जोडलेला पोलादी फाळ, एवढीच त्याची रचना असते. हा फाळ बहुधा दुहेरी असतो, म्हणजे त्याचे एक टोक झिजले की बोल्ट काढून तो उलटा बसवता येतो. काही कल्टिव्हेटरांना प्रत्येक फणामागे जाड स्प्रिंगा असतात. दगड किंवा जुने खोड आडवे आले की तो फण मागे झुकतो, अडथळा ओलांडतो आणि स्प्रिंगेच्या ताणाने पुन्हा जागेवर येतो. कोकणातील जांभ्याच्या खडकाळ जमिनीत किंवा बाग मोडून नव्याने तयार केलेल्या रानात अशी स्प्रिंगांची रचनाच टिकते, तर दगडगोटे वेचून साफ केलेल्या भाजीच्या मळ्यात साध्या ताठ फणांचे काम अधिक एकसारखे होते.

दोन फणांमधील अंतर साधारणतः नऊ इंच असते, म्हणून नऊ फणी कल्टिव्हेटर एका फेरीत सुमारे दोन मीटर आणि पाच फणी कल्टिव्हेटर सुमारे १.१ मीटर रुंदीची पट्टी काढतो. नऊ फणांना ओढण्यासाठी ३५ ते ४५ अश्वशक्तीचा, जवळपास दोन टन वजनाचा ट्रॅक्टर लागतो. पाच फणांना १५ ते २० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर पुरतो. द्राक्ष आणि डाळिंबाच्या ओळींतून जाता यावे म्हणून हे छोटे ट्रॅक्टर गेल्या दीड-दोन दशकांत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आले आणि बागांपाठोपाठ भाजीच्या मळ्यांतही रुळले. अवजार निवडताना येथे एक साधी कसोटी लावावी लागते. कल्टिव्हेटरची रुंदी ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत तरी पोहोचली पाहिजे. अन्यथा बांधालगतच्या शेवटच्या फेरीत चाक बांधाला भिडले तरी फण मातीपर्यंत पोहोचत नाही, आणि चाकाने दाबलेली पट्टी तशीच कठीण राहते.

लहान रानात हे अवजार मुळात शिरू शकते, याचे श्रेय आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन याच्याकडे जाते. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांमागे नांगर किंवा कल्टिव्हेटर गाडीसारखा साखळीने किंवा दांडीने ओढला जाई. त्याला स्वतःची चाके असत, तो मागे ढकलता येत नसे आणि कोपऱ्यात वळवण्यासाठी शेताच्या टोकाला बरीच जागा मोकळी सोडावी लागे. शिवाय फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकासह मागे उलटण्याचा धोका असे. फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडले: खाली दोन भुजा आणि वर मधोमध एक दांडी, जिला आज सर्व चालक टॉप लिंक म्हणतात. खालच्या भुजा तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिक यंत्रणेने, वर-खाली होत असल्यामुळे अवजार ट्रॅक्टरचाच एक अवयव बनले. १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांच्यात तोंडी करार झाला, १९३९ मध्ये या जोडणीसह फोर्डचा ९एन ट्रॅक्टर बाजारात आला, आणि ही तीन-बिंदू जोडणी पुढे जगभर प्रमाण मानली गेली. फण उचलून ट्रॅक्टर थेट कोपऱ्यापर्यंत मागे नेता येतो, तेथे फण खाली सोडून पुढे निघता येते; पाच-दहा गुंठ्यांच्या रानाच्या दृष्टीने या जोडणीची खरी देणगी हीच आहे.

तरीही वळण फुकट होत नाही, आणि त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागचे कल्टिव्हेटर मिळून वळायला रानाच्या प्रत्येक टोकाला सुमारे चार मीटर जागा लागते असे धरले, तर दहा गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटरच्या चौरस रानाची बाजू ३१.८ मीटर भरते आणि दोन्ही टोकांची मिळून सुमारे २५४ चौरस मीटर, म्हणजे एकूण क्षेत्राच्या पाव भागाइतकी जागा वळणात जाते. तेच दहा गुंठे १६ मीटर रुंद आणि ६३ मीटर लांब पट्ट्याच्या रूपात असतील, तर वळणाची जागा १२८ चौरस मीटर, म्हणजे आठव्या हिश्शाच्या आसपास भरते. पाच फणी कल्टिव्हेटरला चौरस रानात २९ फेऱ्या आणि २८ वळणे घ्यावी लागतात. लांब पट्ट्यात १५ फेऱ्या आणि १४ वळणे पुरतात. वळणाची ही जागा पडीक राहत नाही, ती शेवटी आडव्या फेऱ्या मारून काढता येते. पण तेथे चाके पुन्हा पुन्हा फिरलेली असतात आणि माती सर्वांत जास्त तेथेच दबते.

भाऊबंदकीच्या वाटण्यांत प्रत्येकाला रस्ता आणि पाट मिळावा म्हणून शेताचे उभे पट्टे पाडण्याची रीत अनेक गावांत आहे. त्या चिंचोळ्या पट्ट्यांना एरवी दोष दिला जातो, पण ट्रॅक्टरच्या फेरीच्या दृष्टीने ते चौकोनी तुकड्यांपेक्षा सोयीचे ठरतात. याउलट दोन गुंठ्यांच्या चौरस परसबागेत बाजू जेमतेम १४ मीटर असते आणि वळणाची जागाच निम्म्याहून अधिक क्षेत्र व्यापते. अशा ठिकाणी ट्रॅक्टर आणण्यापेक्षा हाताने चालवण्याचे पॉवर वीडर किंवा कुदळच योग्य होय. मधल्या आकाराच्या रानांत लगतच्या फेरीत लगेच न वळता दोन-तीन पट्ट्या सोडून वळावे आणि सोडलेल्या पट्ट्या परतताना घ्याव्यात. तसे केल्याने वळण गोल आणि सलग होते, मागे-पुढे करावे लागत नाही आणि टोकाची माती कमी चुरडली जाते.

रानात उतरण्यापूर्वी अवजाराची समपातळी पाहणे आवश्यक असते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून फण जमिनीला टेकवले की सर्व फाळांची टोके एकाच वेळी टेकली पाहिजेत. टॉप लिंक आखूड केली की चौकट पुढे झुकते आणि पुढच्या ओळीतील फण अधिक खोल जातात. लांब केली की मागचे फण रुततात. डाव्या-उजव्या बाजूंचा फरक उचल-दांड्याची लांबी बदलून काढता येतो. खालच्या भुजांना बाजूने धरून ठेवणाऱ्या साखळ्या सैल असतील तर अवजार फेरीत डावीउजवीकडे झुलते, आणि मोठ्या शेतात खपून जाणारे हे झुलणे लहान रानात कुंपणाच्या तारेला, शेवग्याच्या बुंध्याला किंवा शेजारच्या वाफ्याला भिडते. हायड्रॉलिकच्या दोन तरफांपैकी पोझिशन नावाची तरफ अवजाराची ट्रॅक्टरच्या तुलनेतील उंची कायम राखते, तर ड्राफ्टची तरफ ओढ वाढली की अवजार आपोआप थोडे उचलते आणि ओढ कमी झाली की पुन्हा खाली सोडते. सपाट, आधी कसलेल्या मळ्यात उथळ पाळी घालताना पोझिशनवर काम एकसमान होते. जागोजागी कठीण-मऊ असलेल्या जमिनीत ड्राफ्टचा उपयोग अधिक होतो. वेग ताशी तीन-चार किलोमीटरच्या पुढे नेण्याचे कारण नसते, कारण त्याहून वेगाने फण माती बाजूला उडवतात आणि समतल वाफ्यात खाचा व उंचवटे तयार होतात.

या सर्व जुळवाजुळवीपेक्षा निर्णायक गोष्ट मात्र वाफसा ही आहे. पाऊस किंवा ओलवणीनंतर जादा पाणी निचरून माती ना चिखल ना कोरडी अशा अवस्थेत येते तिला शेतकरी वाफसा म्हणतो, आणि या अवस्थेत फणाच्या धक्क्याने ढेकूळ आपल्या नैसर्गिक फटींवर फुटते. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते. ती ओली असताना फण गेला तर माती फुटण्याऐवजी लिंपल्यासारखी होते, फाळाच्या वाटेवर गुळगुळीत थर तयार होतो आणि सुकल्यावर विटेसारखी ढेकळे पडतात, जी पुढच्या दोन-तीन पाळ्यांनीही फुटत नाहीत. कोरड्या जमिनीत फण वरवर खरडत जातो, डिझेल जळते आणि एक भाग दगडी ढेकळे, तर एक भाग धूळ अशी माती उरते.

वाफशाची परीक्षा हातानेच होते. जेवढ्या खोलीवर फण चालणार आहे त्या खोलीची, म्हणजे चार-पाच इंचांखालची, मूठभर माती घेऊन ती तळहातांमध्ये वळावी. तिची सुमारे तीन मिलिमीटर जाडीची अखंड सुतळी वळली जात असेल तर जमीन अजून ओली आहे. सुतळी वळताना तुटत असेल, आणि मुठीत दाबून केलेला गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर विखरत असेल, तर पाळी घालण्यास हरकत नाही. वरचा पापुद्रा वाळलेला दिसला म्हणून ट्रॅक्टर घातला जातो आणि खालची माती मात्र ओली असते, ही चूक सर्रास होते. भारी काळ्या जमिनीत वाफशाचा अवधी थोड्याच दिवसांचा असतो. मोठ्या शेतात चार दिवसांचे काम त्यात बसवताना धांदल उडते, पण दहा गुंठ्यांचे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकत असल्याने नेमका दिवस निवडण्याची मुभा लहान शेतकऱ्याला मिळते. लहान रानाचा हा एक निखालस फायदा आहे आणि तो पुरेपूर घेतला गेला पाहिजे.

अलीकडे लहान रानासाठी कल्टिव्हेटरऐवजी रोटाव्हेटरच मागवण्याकडे ओढा दिसतो, कारण त्याची फिरती पाती एका फेरीत माती पिठासारखी करतात आणि रान लगेच लागवडीजोगे दिसते. एंजिनाची शक्ती शाफ्टद्वारे थेट पात्यांना मिळत असल्याने ट्रॅक्टरला ओढही कमी लागते. परंतु वारंवारच्या रोटाव्हेटरने मातीचे कण सुटे होऊन पहिल्या जोरदार पावसात पृष्ठभागावर पापडी धरते, आणि पाती दर वेळी एकाच खोलीवर आपटत असल्याने त्याखाली कठीण तळ तयार होतो, ज्यातून पाणी आणि मुळे दोन्ही सहज उतरत नाहीत. हराळी आणि लव्हाळा असलेल्या मळ्यात तर रोटाव्हेटर घातकच ठरतो. हराळीच्या जमिनीखालच्या खोडांचे प्रत्येक पेर फुटू शकते. पाती त्यांचे शेकडो तुकडे करून रानभर पसरवतात आणि पुढच्या पाण्याला रान हिरवे होते. कल्टिव्हेटरचे फण हीच खोडे न कापता लांबच लांब उपसून वर आणतात. उन्हाळ्यात आठवड्याच्या अंतराने उभी आणि आडवी पाळी घालून ती वाळू दिली आणि वेचून बांधाबाहेर टाकली, तर हराळी आटोक्यात येते. हे काम दहा गुंठ्यांतच नीट जमते, कारण दहा एकरांतील हराळी वेचणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. बियांपासून येणाऱ्या तणांसाठी आधी ओलवणी करून त्यांना उगवू द्यावे आणि वाफशावर दोन-तीन इंचांची उथळ पाळी घालून मोडावे. पाळी खोल गेली तर खालचे नवे बी वर येते आणि सारे श्रम वाया जातात.

लहान रानात चाकांचे प्रमाण मोठे असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. मागच्या दोन टायरांची रुंदी प्रत्येकी सुमारे आठ इंच धरली, तर १.१ मीटरच्या प्रत्येक पट्टीतील ४० सेंटिमीटर, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक माती, एका फेरीतच चाकाखाली येते. उभी-आडवी पाळी घातली की तुडवली न गेलेली माती फारच थोडी उरते. चाकांच्या बरोबर मागे येणारे फण हा दाब काही अंशी मोकळा करतात, म्हणून ते इतरांपेक्षा थोडे खाली बसवण्याची पद्धत उपयुक्त आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे चाकांची वाट कायमची ठरवून टाकणे. गादीवाफ्यांवर भाजी घेणाऱ्या मळ्यात वाफ्यांमधील सरीचे अंतर ट्रॅक्टरच्या चाकांच्या अंतराएवढे ठेवले, तर वर्षानुवर्षे चाके सरीतून आणि फण वाफ्यातून जातात. वाफ्याची माती कधीच तुडवली जात नाही आणि सरी घट्ट राहिल्याने पावसाळ्यातही तीत चाक रुतत नाही.

आंतरमशागतीसाठी, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधील कोळपणीसाठी, हाच विचार लागवडीच्या वेळी करावा लागतो. मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर ९० सेंटिमीटर असेल आणि ओळी ४५ सेंटिमीटरवर पेरल्या असतील, तर ट्रॅक्टरखाली दोन ओळी येतात, चाके त्यांच्या बाहेरच्या दोन मोकळ्या पट्ट्यांच्या मधून जातात आणि चाकाच्या दोन्ही अंगांना रोपापर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर जागा उरते. ओळींवर येणारे फण चौकटीवरून सरकवून बाजूला घ्यावे लागतात आणि अरुंद फाळांऐवजी रुंद, चपटी पास बसवावी लागते, जी मातीखाली इंच-दीड इंचावरून तण कापत जाते. ओळी हाताने अंदाजे पाडलेल्या असतील तर हे काम ट्रॅक्टरने करू नये. त्यासाठी सायकल कोळपेच बरे.

ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्याशिवाय कल्टिव्हेटर रानात घालता येत नाही हे उघड आहे, पण खरे नुकसान जमिनीतून वर आलेल्या व्हॉल्व्हचे आणि नळीच्या जोडांचे होते. मुख्य वाहिनी दीड-दोन फूट खोल असल्याने फणांच्या आवाक्यात येत नाही. वर डोकावणाऱ्या प्रत्येक तोंडाशेजारी कमरेइतकी उंच काठी रोवून तिला फडके बांधले, तर चालकाला ती मागे वळून पाहतानाही दिसते. वळताना किंवा मागे घेताना फण जमिनीत ठेवू नयेत, कारण ते पुढच्या ओढीसाठी घडवलेले असतात आणि उलट्या जोराने वाकतात. लहान रान बहुधा घरालगत असते, तेथे मुले आणि जनावरे वावरतात, चालकाचे लक्ष सतत मागे असते. म्हणून काम चालू असताना कोणालाही रानात येऊ देऊ नये आणि मडगार्डवर बसवू नये. बांधाच्या कडेला चाक चढले की अरुंद चाकांचा छोटा ट्रॅक्टर मोठ्यापेक्षा लवकर कलंडतो, त्यामुळे बांधालगतचा हातभर भाग कुदळीसाठीच सोडावा.

राहतो प्रश्न भाड्याचा. पाच-दहा गुंठ्यांसाठी ट्रॅक्टरवाला लांबून येण्यास नाखूश असतो, आणि आला तरी एकरी दराऐवजी पूर्ण तासाचे पैसे मागतो. त्याची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण वाटेतील डिझेल आणि वळणांतील वेळ त्याला भरून काढायचा असतो. केंद्र शासनाच्या २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून गटांना अवजारे बँकांसाठी अनुदान मिळते, आणि जेथे अशा बँका चालू आहेत तेथे पाच फणी कल्टिव्हेटरसह छोटा ट्रॅक्टर उपलब्ध होऊ शकतो. परंतु नुसता ट्रॅक्टर सामाईक असून भागत नाही. लगतच्या चार-पाच मळ्यांनी ओलवणीचे पाणी एकापाठोपाठ एका दिवसाच्या अंतराने दिले, तर वाफसाही त्याच क्रमाने येतो, ट्रॅक्टर एकाच गावात रोज एकेक तासाच्या कामाला थांबू शकतो, आणि मधला बांध दोघांच्या संमतीने टोकाशी तीन-चार मीटर सपाट ठेवला तर एकाच्या रानातील फेरी दुसऱ्याच्या रानात वळण घेते.